क्रूझच्या आधीची कोविड चाचणी: रविवारपासून उलटं मोजा

वाचकाचं पत्र (मे २०२२; पत्रातले आणि उत्तरातले नियम, दर आणि सोयी तेव्हाच्या आहेत)

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. रविवार, २९ मे २०२२ रोजी फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनेव्हरलहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ ठरली आहे. सासूबाई आणि सासरे खास त्यासाठी नाशिकहून येताहेत. त्यांचं मुंबई-नेवार्क विमान मंगळवारी मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे बुधवारी २५ तारखेला, सुटतं. शनिवारी आम्ही सगळे ऑरलँडोला जाणार. सासू-सासऱ्यांचे कोव्हिशील्डचे दोन डोस झालेत. आमचे दोघांचे आणि नऊ वर्षांच्या मुलीचेही झालेत. मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला अजून लस नाही. क्रूझ कंपनीचं म्हणणं असं: लस घेतलेल्यांची अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी निघण्याच्या दिवसाआधी जास्तीत जास्त दोन दिवस, लस नसलेल्या मुलांची फक्त पीसीआर, जास्तीत जास्त तीन दिवस आधी, शिवाय बंदरावर त्याची आणखी एक चाचणी. सासूबाई विचारताहेत, मुंबईहून निघताना केलेली टेस्ट क्रूझला चालेल ना? सरकारकडून पोस्टाने आलेली फुकट किट घरात पडून आहेत, ती वापरू का? माझ्या यजमानांना २० एप्रिलला कोविड झाला होता, तो अशाच किटवर कळला. आता पुन्हा पॉझिटिव्ह आले तर? आणि सहांपैकी एकाचीच पॉझिटिव्ह आली तर काय करायचं?

उत्तर

मुंबईची टेस्ट क्रूझला चालणार नाही, घरातली फुकट किट चालणार नाहीत आणि तुमच्या यजमानांनी पीसीआर चाचणी अजिबात करू नये. या तीन गोष्टी आधी मनात पक्क्या करा.

दिवस मोजताना घोळ होतो तो तास मोजल्यामुळे. कंपनीने 'दोन दिवस' म्हटलंय, ४८ तास नाही. जहाज सुटतं तो रविवार म्हणजे शून्य दिवस. शनिवार एक, शुक्रवार दोन. म्हणजे शुक्रवारी २७ तारखेला सकाळी सातला नाकातून नमुना घेतला काय किंवा रात्री अकराला घेतला काय, दोन्ही चालतात. गुरुवारी रात्री साडेअकराला घेतलेला नमुना मात्र चालत नाही, मग रिपोर्ट शुक्रवारी हातात पडलेला असला तरी. बंदरावरचा माणूस रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख बघतो, निकालाची नाही. दोन्ही तारखा छापलेल्या असतील तर कुठली कुठली आहे हे आधीच पाहून ठेवा.

या हिशेबाने तुमच्याकडे शुक्रवार आणि शनिवार आहेत. आमचं स्पष्ट मत: पाचही जणांची चाचणी शुक्रवारी सकाळी, एडिसनच्या घरी करा. शनिवार रिकामा ठेवा. ऑरलँडोला पोचून हॉटेलात टेस्ट करायचा मोह होतो, कारण तेवढी ती 'ताजी' वाटते. पण तिथे एखाद्याच्या चाचणीत पॉझिटिव्हची रेघ उमटली तर आजारी माणसाला घेऊन अनोळखी गावात, मेमोरियल डेच्या सुट्टीच्या गर्दीत अडकून पडाल. घरी कळलं तर निदान आपली खोली, आपला डॉक्टर आणि आपलं स्वयंपाकघर असतं.

नाशिकहून निघताना

सासू-सासऱ्यांना दोन वेगवेगळ्या चाचण्या लागणार आहेत, हे त्यांना आधीच नीट समजावून सांगा. पहिली अमेरिकेत विमानाने येण्यासाठी. ६ डिसेंबर २०२१पासूनचा नियम असा की विमान सुटण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी नमुना घेतलेला हवा. लस झालेली असली तरी सूट नाही. इथे मध्यरात्रीनंतरच्या विमानाचा नेहमीचा फास आहे. घरात सगळे 'मंगळवारी रात्री निघायचं' असं बोलतात आणि आदला दिवस म्हणून सोमवारी टेस्ट करून मोकळे होतात. विमान बुधवारी सुटतंय, तेव्हा चाचणी मंगळवारी २४ तारखेला.

आपल्याकडे प्रवास म्हटला की सगळे आरटी-पीसीआरच सांगतात. मंगळवारी सकाळी नाशिकला आरटी-पीसीआर दिली आणि दुपारी मुंबईला निघाले, तर रिपोर्ट घाट उतरताना येईल की विमानतळावर, याचा घोर लागून राहतो. अमेरिकेच्या नियमाला प्रयोगशाळेने केलेली रॅपिड अँटिजेनही चालते आणि तिचा निकाल तासाभरात हातात मिळतो. मान्यताप्राप्त लॅबमध्ये सकाळी जाऊन तीच करावी. औषधाच्या दुकानात मिळणारं घरगुती किट आणून स्वतः केलेली चाचणी चालत नाही. रिपोर्ट लॅबच्या नावाचा, इंग्रजीत हवा. त्यावर चाचणीचा प्रकार, नमुन्याची तारीख, निकाल, पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर हे सगळं हवं. लॅबच्या काउंटरवर पासपोर्ट उघडून द्या, आधार कार्ड नको. याशिवाय विमान कंपनी एक प्रतिज्ञापत्र भरून घेते. ते घरूनच भरून दोन प्रती छापून ठेवा.

नावाचा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो. कोविनवर 'सुनीता कुलकर्णी', पासपोर्टवर 'सुनीता रमेश' हे दिलेलं नाव आणि 'कुलकर्णी' आडनाव, जुन्या कागदावर माहेरचं नाव, असा प्रकार असतो. आजच सासऱ्यांना कोविनवर लॉग इन करायला सांगा. तिथे 'रेज अॅन इश्यू'मध्ये सर्टिफिकेटवरचं नाव, जन्मसाल दुरुस्त करता येतं आणि पासपोर्ट नंबर जोडता येतो. भरताना एकेक अक्षर ताडून बघा, पुन्हा पुन्हा दुरुस्ती करता येईल असं धरून चालू नका. दोन डोस दोन वेगळ्या मोबाइल नंबरांवर नोंदले गेले असतील, तर कोविन दोन्हींना 'पहिला डोस' समजतं. मुलाच्या फोनवरून एक आणि शेजाऱ्यांच्या फोनवरून दुसरा, असं ज्येष्ठांच्या बाबतीत फार झालंय. तेही तिथेच एकत्र करून घेता येतं. जन्मतारखेसह मिळणारं आंतरराष्ट्रीय प्रवासाचं सर्टिफिकेट उतरवून घ्या. कोव्हिशील्ड जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, त्यामुळे लशीच्या नावावरून अडणार नाही. (कुणाची कोव्हॅक्सिन असेल तर तीही ३ नोव्हेंबर २०२१पासून यादीत आहे.)

विमानात आणि विमानतळांवर दोघांनाही एन-९५ मास्क लावायला सांगा. अमेरिकेतल्या विमानांत मास्कची सक्ती १८ एप्रिलला उठली, त्यामुळे शनिवारच्या विमानात आजूबाजूचे बहुतेक जण बिनमास्कचे असतील. तुम्ही मात्र सहाही जण लावा. शेवटच्या आठवड्यात लागण झाली तर सगळी तयारी वाया जाते.

शुक्रवारची सकाळ

पोस्टाने आलेलं फुकट किट का चालत नाही? ते खोटं सांगतं म्हणून नाही. नाकात काडी कुणाच्या घातली आणि चाचणीचं कार्ड कुणाचं दाखवलं याला साक्षीदार नसतो, म्हणून. कंपनीला रिपोर्ट हवा असतो, कार्डाचा फोटो नाही. त्यासाठी दोन रस्ते आहेत: फार्मसीत अपॉइंटमेंट घेऊन केलेली चाचणी, किंवा व्हिडिओवर प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली घरी केलेली चाचणी. पाच जणांसाठी आम्ही दुसरा रस्ता सुचवू. सासू-सासऱ्यांकडे इथला आरोग्य विमा नाही, आणि विमा नसलेल्यांच्या चाचण्यांचा खर्च देणारी अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना २२ मार्च २०२२पासून बंद झाली आहे. म्हणजे फार्मसीत त्यांना पूर्ण पैसे पडतील आणि सुट्टीच्या तोंडावर पाच सोयीच्या वेळा मिळणंही कठीण.

घरच्या चाचणीसाठी अॅबट कंपनीचं बायनॅक्सनाऊ किट ईमेड या कंपनीच्या व्हिडिओवरच्या देखरेखीसह मिळतं. खोक्यावरचं नाव नीट वाचा. 'एजी कार्ड होम टेस्ट' लिहिलेलं हवं. फार्मसीच्या फळीवर त्याच कंपनीचं 'अँटिजेन सेल्फ टेस्ट' असतं. आतली पट्टी तीच असते, पण त्यासोबत देखरेख आणि रिपोर्ट येत नाही. दोनचं आणि सहाचं अशी पाकिटं मिळतात, एका किटला साधारण २५ ते ३५ डॉलर पडतात. तुम्हाला पाच लागतील, आठ मागवा. एखादी चाचणी रद्द होते, एखादी पुन्हा करावीशी वाटते. सुट्टीआधी कुरिअर रेंगाळतं, म्हणून आजच मागवा. किट २ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. उन्हात उभ्या गाडीत ते कधीही ठेवू नका.

प्रत्येकाचं खातं आदल्या रात्री उघडून ठेवा. मुलीचं तुमच्या खात्याखाली येईल, सासू-सासऱ्यांना प्रत्येकी स्वतःचा ईमेल द्या. जन्मतारीख भरताना सावध राहा: इथे महिना आधी, दिवस नंतर. ७ मार्चचा माणूस ३ जुलैचा झाला की रिपोर्ट पासपोर्टशी जुळत नाही, आणि ही चूक रविवारी बंदराच्या रांगेतच लक्षात येते.

शुक्रवारी सकाळी लवकर बसा. माणशी अर्धा ते पाऊण तास धरा. दोन लॅपटॉप दोन खोल्यांत लावले तर काम लवकर आटपेल. टेबल मोकळं, उजेड समोरून, पासपोर्ट हाताशी. किटचं पाकीट आधी फोडू नका. पडद्यावरच्या माणसासमोरच ते उघडायचं असतं, आधी उघडलं की ते किट बाद. त्याने सांगितल्यावर कार्ड टेबलावर आडवं ठेवायचं, बाटली उभी उलटी धरून वरच्या छिद्रात सहा थेंब टाकायचे. तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात, आणि द्राव कमी पडला की पट्टी शेवटपर्यंत भिजत नाही. बाटलीचं टोक कार्डाला टेकवायचं नाही. मग काडी नाकपुडीत फार तर पाऊण इंच घालून आतल्या भिंतीला टेकवत पाच मोठे फेरे, साधारण पंधरा सेकंद. तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत तशीच. सासूबाईंना आधी सांगून ठेवा की भारतात खोल, डोळ्यांत पाणी येईपर्यंत घालायचे तसलं हे नाही. भीतीने मान मागे गेली की फेरे अपुरे होतात आणि नमुना कमी येतो. मुलीच्या नाकातून तुम्ही घ्या, पंधरा वर्षांखालच्यांचा नमुना मोठ्या माणसानेच घ्यायचा असतो.

काडी खालच्या छिद्रातून वर सरकवायची, टोक वरच्या छिद्रात दिसलं की उजवीकडे तीन वेळा फिरवायची, काडी तशीच राहू द्यायची, चिकटपट्टीचा कागद काढून कार्ड मिटायचं. पंधरा मिनिटं हलवायचं नाही. निकाल पंधराव्या मिनिटानंतर आणि तिसाव्याच्या आत वाचायचा. कंट्रोलची रेघ आली नाही तर चाचणी रद्द, नवं किट घ्यायचं. नमुन्याची रेघ कितीही फिकी असली तरी ती पॉझिटिव्हच. निकालानंतर रिपोर्ट ईमेलवर आणि अॅबटच्या नॅव्हिका अॅपवर येतो. खिडकी बंद करण्याआधी तो आल्याची खात्री करा, नाव आणि तारीख वाचा आणि लगेच छापा.

तुमचे यजमान

बरं झाल्यावरही पीसीआर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येत राहू शकते. ही चाचणी विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते. म्हणून त्यांच्यासाठी पीसीआरचा दरवाजा बंद करा. फार्मसीची अपॉइंटमेंट कुणी कौतुकाने घेऊन ठेवली असेल तर ती रद्द करा.

नव्वद दिवसांच्या आत कोविड होऊन गेलेल्याला बऱ्याच क्रूझ कंपन्या चाचणीतून सूट देतात: पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बरं झाल्याचं डॉक्टरांचं पत्र दाखवायचं. पण २० एप्रिलला घरच्या किटवर कळलं आणि त्यानंतर लॅबची चाचणी झालीच नाही, तर दाखवायला रिपोर्टच नाही. डॉक्टरांचं एकटं पत्र पुरत नाही. तेव्हा त्यांनीही शुक्रवारी तुमच्यासारखीच अँटिजेन चाचणी करावी. २७ मेपर्यंत सदतीस दिवस होतील, तोवर अँटिजेन बहुतेकांची निगेटिव्ह झालेली असते. मन शांत राहावं म्हणून त्या फुकट किटांपैकी एक त्यांच्यावर आजच वापरून बघा. आज रेघ आली नाही तर शुक्रवारचा ताण निम्मा होईल. त्या काळात लॅबची किंवा फार्मसीची पॉझिटिव्ह चाचणी झाली असेल, तर तो रिपोर्ट शोधून काढा आणि डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात नाव, जन्मतारीख, पॉझिटिव्ह आल्याची तारीख, विलगीकरण संपून प्रवासाला योग्य असल्याचं वाक्य, डॉक्टरांचा पत्ता, फोन, सही, तारीख असावी. ते पत्र कंपनीला आधी मेल करून होकार मिळवा, बंदरावर वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

चार वर्षांचा मुलगा

घरात सगळ्यांत जास्त जपायची चाचणी त्याची. पाच वर्षांखालच्या मुलांना अमेरिकेत अजून (मे २०२२) लस खुली झालेली नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे तो 'लस नसलेला' आणि त्याला पीसीआरच हवी. तीन दिवस म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पीसीआरचा निकाल यायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून त्याचा नमुना गुरुवारी २६ तारखेला सकाळी. शुक्रवारी दिला तर सुट्टीत लॅब सुस्तावते आणि रविवारी दुपारपर्यंत फोनकडे बघत बसावं लागतं. कुठे घ्यायचा? बऱ्याच फार्मसींत लहान मुलांना वयाची अट असते. फोनवर विचारा किंवा सरळ त्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे वेळ घ्या. विचारताना दोन प्रश्न विचारा: निकाल किती तासांत, आणि रिपोर्टवर 'पीसीआर' हे शब्द छापलेले असतात का. काही ठिकाणी पंधरा मिनिटांत निकाल देणारं यंत्र वापरतात. तेही विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधतं, पण रिपोर्टवर पीसीआर लिहिलेलं नसेल तर कंपनीच्या नियमात ते बसेलच असं नाही.

एकाची पॉझिटिव्ह आली तर

ती लपवायची नाही. जहाज म्हणजे हजारो माणसं, एक जेवणघर, एक लिफ्ट, बंद गॅलऱ्या. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाला थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसं होती, त्यातली ७१२ पॉझिटिव्ह निघाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, १३२ खलाशी-कर्मचारी आणि ६ प्रवासी. जानेवारी २०२२मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलियावर ६६ जण पॉझिटिव्ह आले आणि जहाजाला माघारी यावं लागलं. प्रवासी आठवड्याने घरी जातो, खालच्या डेकवर भांडी घासणारा किंवा खोल्या आवरणारा पोरगा महिनोन्महिने तिथेच असतो, आणि त्यातले कितीतरी आपल्या कोकणातले, गोव्यातले आहेत.

तेव्हा शुक्रवारी रेघ आली तर प्रथम कंपनीला कळवा आणि लेखी उत्तर मागा. बहुतेक कंपन्या एकाच खोलीतल्या सगळ्यांना थांबवतात, दुसऱ्या खोलीतल्यांना कधी जाऊ देतात. तुमच्या दोन खोल्यांत कोण कुठे झोपणार याचा विचार त्यासाठीही आजच करा. पैसे परत मिळतात की पुढच्या सफरीला जमा होतात, आणि त्यासाठी कुठला रिपोर्ट लागतो, हे तिकिटाच्या अटींत वाचून ठेवा. विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच असू द्या. सासू-सासऱ्यांचा प्रवासी विमा त्यांनी नाशिक सोडण्याआधी घ्या, त्यात कोविडचा उपचार आहे हे शब्द पॉलिसीत बघून.

पॉझिटिव्ह सासू किंवा सासरे असतील, तर क्रूझचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वयस्करांना दिलं जाणारं पॅक्सलोविड हे कोविडवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांशी ते जमत नाही. त्यांच्या रोजच्या गोळ्यांची रासायनिक नावं इंग्रजीत लिहून घेऊनच त्यांना बोलवा. भारतातली ब्रँडची नावं इथल्या फार्मासिस्टला कळत नाहीत.

रविवारी

सासू-सासरे बुधवारी लांबच्या विमानातून उतरलेले असतील. वाटेत लागण झाली असेल तर ती शुक्रवारी दिसेलच असं नाही, शनिवार-रविवारी दिसू शकते. म्हणून रविवारी सकाळी हॉटेलात त्या फुकट किटांपैकी एकेक दोघांवर वापरा. हा रिपोर्ट कुणी मागणार नाही, तो तुमच्यासाठी. तीन-चार किट सुटकेसमध्येही राहू द्या, बोटीवर कुणाचा घसा धरला तर उपयोगी पडतील.

कागद एका फाइलीत, माणसागणिक एक कप्पा: पासपोर्ट, लशीचं मूळ कार्ड किंवा कोविनचं छापील सर्टिफिकेट, चाचणीचा छापील रिपोर्ट. फोनवरचं सगळं छापूनही घ्या, बंदरावर एकाच वेळी हजारो फोन नेटवर्क शोधत असतात. मुलाची तिथली दुसरी चाचणी व्हायची आहे, तेव्हा तुम्हाला दिलेल्या वेळेच्या सुरुवातीलाच पोचा. त्याला आधी घरच्या एका किटची रिकामी काडी नाकाशी धरून सवय करा, आणि रांगेत त्याला मांडीवर घेणारं माणूस आजोबा असतील की तुम्ही, हे घरूनच ठरवून निघा.